सुलतानची सुई

पहाटे फज्रची नमाज झाली की आमच्या घरात दोन रक्तचाचण्या होतात. एक अम्मीची, बोटातून. दुसरी सुलतानची, कानातून. सुलतान म्हणजे आमचा अकरा वर्षांचा बोका. गेल्या पावसाळ्यात तो पाण्याच्या भांड्यापासून हलेनासा झाला. खाणं दुप्पट झालं, तरी पाठीवरून हात फिरवला की मणके बोटांना लागायचे. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, मधुमेह आहे, दर बारा तासांनी इन्सुलिन द्यावं लागेल, आणि साखर घरीच मोजायला शिका.

मोहल्ल्यात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या खाला म्हणाल्या, "बेटा, इन्सानों को दवा नै मिलती, और तुम बिल्ली को सुई दे रै?" त्यांच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता. त्यांच्या भावाचा पाय मधुमेहानं गेला आहे. प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना मी या औषधाच्या इतिहासात शिरले. तिथं जे सापडलं ते इथं मांडते आहे.

एका आजाराची दोन नावं

मी शाळेत दोन भाषा शिकवते. मराठीच्या तासाला हा आजार 'मधुमेह' असतो आणि उर्दूच्या तासाला 'जियाबेतीस'. पहिला शब्द आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतला. मधासारखी लघवी, जिच्याकडे मुंग्या धावतात, हे त्या वैद्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. दुसरा शब्द ग्रीक. आरपार वाहून जाणं, असा त्याचा अर्थ. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात कॅपाडोशियाच्या अरेटियसनं या आजाराचं वर्णन केलं ते याच नावानं. पुढे हा शब्द अरबीत आला, तिथून फारसी आणि उर्दूत. इब्न सीना (मृत्यू १०३७) यांच्या 'अल-कानून'मध्ये या आजाराचं वर्णन आहे. बगदादचे अब्दुल लतीफ (११६२-१२३१) यांनी तर त्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली.

वर्णन होतं, नाव होतं, इलाज मात्र नव्हता. हकीम असो, वैद्य असो की युरोपातला डॉक्टर, निदानाचं साधन एकच होतं : लघवी पाहणं, हुंगणं, प्रसंगी चाखणं. १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज डॉक्टरानं रुग्णाची लघवी आटवून खाली साखर उरते हे दाखवलं. रुग्णाच्या रक्तातलं पाणीही गोड लागतं, हेही त्यानं नोंदवलं. म्हणजे साखर मूत्रपिंडात तयार होत नव्हती, ती आधीपासून रक्तात होती. पण ती रक्तात का साठते, हे कळायला आणखी शंभर वर्षं लागली. आणि ते कळलं एका कुत्र्यामुळे.

कुत्रे, वासरं आणि ससे

१८८९ साली स्ट्रासबर्गमध्ये योसेफ फॉन मेरिंग आणि ऑस्कर मिन्कोव्स्की यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं. स्वादुपिंडाचा पचनाशी काय संबंध आहे, एवढंच त्यांना पाहायचं होतं. पण शिकवलेला, घरात घाण न करणारा तो कुत्रा जिथं तिथं लघवी करू लागला. मिन्कोव्स्कीनं ती तपासली तर साखर. मधुमेहाचं मूळ स्वादुपिंडात आहे हे असं उघड झालं. त्याआधी वीस वर्षं, १८६९ मध्ये, पॉल लँगरहान्स या विद्यार्थ्यानं स्वादुपिंडातले पेशींचे छोटे छोटे पुंजके सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. हे पुंजके बेटांसारखे दिसतात. बेटाला लॅटिनमध्ये 'इन्सुला' म्हणतात, त्यावरून पुढे त्यांच्यातल्या रसाला 'इन्सुलिन' हे नाव मिळालं.

तो रस हाती यायला १९२१ उजाडलं. तोवर मधुमेही मुलांवर एकच उपचार होता, उपासमार. साखर वाढू नये म्हणून मुलाला इतकं कमी खायला द्यायचं की ते काही महिने, फार तर एखाददोन वर्षं जगेल, पण हाडांचा सापळा होऊन.

टोरंटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ च्या उन्हाळ्यात काम सुरू केलं. एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून त्याला मधुमेही करायचं आणि दुसऱ्या कुत्र्याच्या स्वादुपिंडाचा अर्क त्याला टोचायचा, असा तो प्रयोग. कितीतरी कुत्रे मेले. ३३ क्रमांकाची कुत्री, जिला मार्जोरी म्हणत, त्या अर्कावर सत्तरेक दिवस जगली. पण एकाला जगवण्यासाठी दुसऱ्याला मारायचं, हे किती दिवस चालणार? मग कत्तलखान्यातून वासरांची आणि बैलांची स्वादुपिंडं आणायला सुरुवात झाली. जेम्स कॉलिप या रसायनतज्ज्ञानं अर्क शुद्ध करण्याची रीत बसवली. हे सगळं प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत चाललं होतं.

११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. त्याचं वजन तीसेक किलो उरलं होतं. अर्क अशुद्ध होता, टोचल्या जागी गळू झालं आणि उपयोग जेमतेम. कॉलिपनं शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीला दिला, तेव्हा लघवीतली साखर जवळपास नाहीशी झाली. लेनर्ड १९३५ पर्यंत जगला. १९२३ मध्ये बँटिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल मिळालं. बँटिंगनं आपले पैसे बेस्टबरोबर वाटून घेतले, मॅक्लाउडनं कॉलिपबरोबर. इन्सुलिनच्या पेटंटचा हक्क बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकला.

आता 'युनिट'बद्दल. डॉक्टर सांगतात, सकाळी एक युनिट, संध्याकाळी एक युनिट. हे माप आलं कुठून? टोरंटोत ते सशावर ठरलं. दिवसभर उपाशी ठेवलेल्या, सुमारे दोन किलो वजनाच्या सशाची साखर चार तासांत ४५ पर्यंत खाली आणायला लागेल तेवढं इन्सुलिन म्हणजे एक युनिट, अशी सुरुवातीची व्याख्या होती. पुढे ती बदलली. तरी मापाच्या मुळाशी तो उपाशी ससा आहेच. साखर याहून खाली घसरली की त्याला झटके यायचे. अम्मीच्या सिरिंजवरची प्रत्येक बारीक रेघ पाहिली की आता मला तो आठवतो.

गाय आणि डुक्कर, एकाच बाटलीत

मागणी वाढली तसे कारखाने निघाले आणि कच्चा माल येऊ लागला कत्तलखान्यांतून. गाईबैलांची स्वादुपिंडं आणि डुकरांची स्वादुपिंडं. फक्त आठ औंस शुद्ध इन्सुलिन काढायला डुकरांचे दोन टनांहून जास्त अवयव लागत.

गाय आणि डुक्कर ही जोडी आपल्याला चांगलीच ओळखीची आहे. १८५७ च्या काडतुसांना याच दोघांची चरबी लावल्याची बातमी पसरली आणि छावण्या पेटल्या. पुढच्या शतकात याच दोन प्राण्यांपासून निघालेलं औषध हिंदूंच्या आणि मुसलमानांच्या घरांत आलं, आणि लोकांनी ते दंडात, मांडीत टोचून घेतलं. काडतूस वरून लादलेलं होतं, इन्सुलिन जीव वाचवत होतं, हा फरक लोकांना कळत होता.

आपल्याकडे या प्रश्नाचा फिक्हच्या अंगानं विचार झाला. सूरह बकराच्या १७३ व्या आयतीत हराम वस्तूंची यादी आहे, आणि तिथंच नाइलाजानं खाणाऱ्याला सूटही आहे. त्यावरून फकीहांनी जरूरतचा नियम बांधला : जीव वाचवायला दुसरा पर्याय नसेल तर मनाई उठते, पण गरजेपुरतीच. डुकराच्या इन्सुलिनला बहुतेक उलमांनी याच आधारावर परवानगी दिली. १९७८ मध्ये अमेरिकेत माणसाच्या इन्सुलिनची सूचना जिवाणूच्या पेशीत घालून ते तयार करण्यात आलं आणि १९८२ मध्ये ते बाजारात उतरवायला मंजुरी मिळाली. त्यानंतर हा प्रश्न बहुतेक घरांपुरता मागे पडला.

पण मांजरांसाठी तिथंच एक नवी अडचण उभी राहिली. फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत गाईच्या इन्सुलिनची रचना पूर्ण उलगडली. ५१ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या. या कामाला १९५८ चं नोबेल मिळालं. मग वेगवेगळ्या प्राण्यांच्या इन्सुलिनची तुलना करता आली. माणसात आणि डुकरात एका अमिनो आम्लाचा फरक. माणसात आणि गाईत तिघांचा. कुत्र्याचं इन्सुलिन तंतोतंत डुकरासारखं. आणि मांजराचं गाईच्या सर्वांत जवळचं, फरक फक्त एका अमिनो आम्लाचा. म्हणून मधुमेही मांजरांना वर्षानुवर्षं गाईपासून केलेलं, जस्त आणि प्रोटामाइन मिसळून मंदगती केलेलं इन्सुलिन देत. इन्सुलिनमध्ये प्रोटामाइन मिसळण्याची रीत १९३६ मध्ये डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांनी शोधली होती, आणि प्रोटामाइन मिळत होतं माशांच्या वीर्यातून. म्हणजे या यादीत मासाही आलाच.

माणसांचं इन्सुलिन जिवाणू बनवू लागले आणि गाईचं इन्सुलिन बाजारातून उठत गेलं. मांजरांकडे कोण पाहणार? त्यांच्या डॉक्टरांना माणसांसाठी निघालेल्या नव्या औषधांत पर्याय शोधावे लागले. २००० साली अमेरिकेत मंजूर झालेलं ग्लार्जिन त्यांतलं एक. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात जॅकी रँड आणि सहकाऱ्यांनी ते मांजरांवर तपासलं. २००९ मध्ये छापलेल्या त्यांच्या एका छोट्या अभ्यासात नव्यानं मधुमेह झालेल्या, कमी कर्बोदकांच्या आहारावर ठेवलेल्या आठ मांजरांना ग्लार्जिन दिलं, आणि आठही मांजरांचं इन्सुलिन पुढे बंद करता आलं. आठ म्हणजे फार नव्हेत, आणि प्रत्येक मांजराचं असं होतंही नाही. पण वेळेवर सुरुवात केली तर मांजराचा मधुमेह माघार घेऊ शकतो, ही आशा खरी आहे. त्याच २००९ मध्ये खास मांजरांसाठीचं, प्रोटामाइन-जस्त असलेलं इन्सुलिनही अमेरिकेत मंजूर झालं.

रक्ताचा थेंब घरी कसा आला

इन्सुलिन मिळालं, पण ते किती द्यायचं? त्यासाठी साखर मोजायला हवी, आणि मोजण्याचं साधन बराच काळ डॉक्टरांच्या ताब्यात होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत बेनेडिक्टचं निळं द्रावण तापवल्याचं अनेकांना आठवत असेल. ते अमेरिकन रसायनतज्ज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट यांचं, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातलं. लघवीचे थेंब टाकून उकळायचं. हिरवं झालं तर साखर थोडी, पिवळं झालं तर जास्त, विटकरी झालं तर भरपूर. १९४१ मध्ये त्याची गोळी निघाली, १९५६ मध्ये लघवीत बुडवायची पट्टी. पण लघवीत साखर उतरते ती रक्तात फार वाढल्यावर, आणि लघवी सांगते काही तासांपूर्वीची गोष्ट. साखर खाली गेली आहे हे तर ती सांगूच शकत नाही. मारते तर तीच.

१९६० च्या दशकात रक्ताच्या थेंबानं रंग बदलणारी पट्टी आली आणि दशक संपता संपता तो रंग वाचणारं यंत्र. वजन सव्वा किलोच्या वर, किंमत ६५० डॉलर, आणि विक्री फक्त डॉक्टरांना आणि इस्पितळांना. रात्री बेशुद्ध आणलेला माणूस दारूनं पडला आहे की मधुमेहानं, हे ओळखायला ते उपयोगी पडे.

रिचर्ड बर्नस्टाईन हे न्यूयॉर्कचे इंजिनिअर लहानपणापासून मधुमेही होते. १९६९ मध्ये त्यांनी या यंत्राची जाहिरात पाहिली. त्यांना ते कुणी विकेना. पत्नी डॉक्टर होती, तिच्या नावानं त्यांनी ते मागवलं. दिवसातून पाच-पाच वेळा साखर मोजून त्यांनी आपला आहार आणि इन्सुलिन बसवलं, आणि तब्येत सावरू लागली. मग हा अनुभव त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांना लिहून पाठवला. लेख परत आले. रुग्णानं घरी साखर मोजायची ही कल्पनाच तेव्हा डॉक्टरांच्या पचनी पडत नव्हती. शेवटी वयाच्या पंचेचाळिशीत ते स्वतः वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि डॉक्टर झाले. आज अम्मीच्या उशाशी पडलेलं, तळहातावर मावणारं ग्लुकोमीटर त्या भांडणातून आलेलं आहे.

मांजराच्या बाबतीत घरच्या चाचणीला आणखी एक कारण आहे. मांजर घाबरलं की त्याची साखर वाढते, मधुमेह नसतानाही. टोपलीत कोंबून, रिक्षातून नेऊन, कुत्र्यांच्या भुंकण्यात बसवून दवाखान्यात काढलेला आकडा फसवा निघू शकतो. तो पाहून इन्सुलिन वाढवलं तर घरी आल्यावर साखर कोसळते. २००० साली झुरिच विद्यापीठातल्या गेरहार्ड वेस आणि क्लाउडिया रॉइश यांनी कुत्र्या-मांजरांच्या कानातून थेंबभर रक्त काढून हातातल्या मीटरवर मोजण्याची पद्धत तपासून प्रसिद्ध केली. मालकाला घरी, गादीवर बसून करता येईल अशी ही रीत होती. डॉक्टरांनी मला दाखवली ती हीच.

आमच्या ओट्याशेजारी

रीत अशी. कोमट पाण्यात पिळलेला रुमाल कानाला मिनिटभर लावायचा, म्हणजे रक्त वर येतं. कानाच्या कडेनं एक बारीक शीर जाते. मागून कापसाचा आधार देऊन तिच्याजवळ टोचायचं. थेंब आला की पट्टी लावायची, मग कापूस दाबून धरायचा आणि उकडलेल्या कोंबडीचा तुकडा द्यायचा. पहिल्या आठवड्यात माझे हात थरथरायचे आणि सुलतान कपाटावर जाऊन बसायचा. आता मीटरची पेटी उघडल्याचा आवाज आला की तो स्वतःच येतो, कोंबडीसाठी.

माणसांच्या मीटरवर मांजराची साखर खऱ्यापेक्षा थोडी कमी दिसते, कारण रक्तपेशींत आणि रक्तद्रवात साखरेची वाटणी दोघांत सारखी नसते. म्हणून मीटर कोणतं वापरतो हे डॉक्टरांना सांगायचं आणि तेच वापरत राहायचं. आधी खाणं, मग सुई. त्यानं खाल्लं नाही किंवा आकडा खाली दिसला तर नेहमीची सुई न देता डॉक्टरांना फोन करायचा. चाल डगमगली, नजर हरवली, झटका आला तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळायचं आणि थेट दवाखाना गाठायचा.

आणि सिरिंज. ही गोष्ट मी मुद्दाम लिहिते. आपल्या देशात इन्सुलिन मुख्यतः दोन तीव्रतांत मिळतं, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. दोन्हींच्या सिरिंजा वेगळ्या. साधारणपणे ४० वालीचं टोपण लाल आणि १०० वालीचं नारिंगी असतं, पण रंगावर विसंबू नये, छापलेला आकडा वाचावा. सुलतानच्या बाटलीवर १०० लिहिलं होतं. दुकानातून सिरिंजा मिळाल्या ४० च्या. मी बिल भरून घरीही आले होते. अम्मीनं चष्मा लावून आकडा वाचला आणि म्हणाली, "ये वो नै है." त्या सिरिंजनं एक युनिट म्हणून जे भरलं असतं ते अडीच युनिट झालं असतं. चार-साडेचार किलोच्या जिवाला अडीचपट डोस. त्या रात्री मला झोप लागली नाही. एका रेघेमागे एक ससा उपाशी राहिला होता, आणि मी ती रेघ न वाचता घरी आले होते.

काहिऱ्यातली बाग

आता खालांचा प्रश्न. मांजरावर एवढा खर्च करावा का?

मांजराशी आपलं नातं सांगायची गरज नाही. सर्वाधिक हदीस ज्यांच्याकडून आल्या त्या हजरत अबू हुरैरा (रजि.) यांना हे नाव मांजराच्या पिल्लावरूनच पडलं. मांजराला बांधून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस तर मुलं मकतबमध्येच ऐकतात. पण मला जास्त उपयोगी पडले ते तेराव्या शतकातले काहिऱ्याचे एक आलिम, इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (मृत्यू १२६२). लोक त्यांना सुलतानुल उलमा म्हणत. माणसावर जनावरांचे काय हक्क आहेत हे त्यांनी मुद्द्यांनी लिहून ठेवलं आहे. त्यांतला पहिलाच मुद्दा असा की जनावर म्हातारं झालं, आजारी पडलं, त्याचा काही फायदा उरला नाही, तरी त्याचा खर्च मालकानं करायचा. हा त्यांनी मेहेरबानीत धरला नाही, हक्कात धरला.

त्याच काळात, त्याच शहरात सुलतान बैबर्स (१२६०-१२७७) राज्य करत होता. एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकानं १८३६ च्या आपल्या पुस्तकात नोंदवलं आहे की बैबर्सनं काहिऱ्यातल्या आपल्या मशिदीजवळची एक बाग मांजरांच्या पोटापाण्यासाठी वक्फ केली होती. लेनच्या काळापर्यंत ती जमीन या हातातून त्या हातात विकली जाऊन उत्पन्न नावापुरतं उरलं होतं. वक्फच्या जमिनींचं काय होतं हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. पण बाग गेली तरी जबाबदारी काझीवर राहिली. त्याच्या कचेरीच्या अंगणात रोज दुपारी मांजरांसाठी खाणं यायचं.

खालांना मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की ही सुई मुळात जनावरांकडूनच आली आहे. कुत्र्यांवर तिचा शोध लागला, सशावर तिचं माप ठरलं, साठ वर्षं ती गाई-डुकरांच्या पोटातून निघाली. तुमच्या भावाला, माझ्या अम्मीला जी औषधं मिळाली त्यांत त्यांचा वाटा आहे. त्यांतला थेंबभर एका मांजराला परत गेला तर तो कुणाच्या तोंडचा घास होत नाही. माणसाला औषध मिळत नाही हे खरं आहे. एकेका डॉलरला दिलेल्या पेटंटचं औषध शंभर वर्षांनीही गरिबाला परवडू नये, हा जाब विचारायलाच हवा. पण तो माणसांना विचारायचा, सुलतानला नाही.

खाला काही बोलल्या नाहीत. पटलं की नाही, ठाऊक नाही. पण त्या सकाळी अम्मीची विचारपूस करायला येतात तेव्हा दारातूनच विचारतात, "कितना आया आज?" अम्मी आपला आकडा सांगते. मग त्या कपाटाकडे पाहतात.

"और उसका?"